लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलाच्या अहवालात ‘अफ्लाटॉक्सिन आढळले नाही’ असे लिहिले असेल, तर त्यावर किती विसंबावे?

आपण लिहिले आहे की घरात वर्षभरापासून लाकडी घाण्याचे शेंगदाणा तेल वापरात आहे, विक्रेत्याने प्रयोगशाळेचा एकपानी अहवाल दाखवला असून त्यात अफ्लाटॉक्सिनपुढे ‘आढळले नाही’ असा शेरा आहे. मात्र रिफाइन न केलेल्या तेलात हे विष असतेच, असे एका परिचिताने ठामपणे सांगितल्यामुळे आपण संभ्रमात पडला आहात. मी चौदा वर्षे अन्नचाचणी प्रयोगशाळेत काम केले आणि त्यातली बरीच वर्षे याच एका विषाच्या मोजणीत गेली. त्या अनुभवावरून सांगतो: तो अहवाल बहुधा खरा असेल, पण तो आपल्या डब्यातल्या तेलाविषयी काही सांगत असेलच असे नाही.

अफ्लाटॉक्सिन म्हणजे मुख्यतः ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ आणि तिची जवळची बहीण ‘अ‍ॅस्परजिलस पॅरासिटिकस’ या बुरशींनी तयार केलेले विष. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी काही महिन्यांत मेले, तेव्हा त्यांच्या खाद्यातील ब्राझीलहून आलेल्या शेंगपेंडीपर्यंत माग लागला आणि या विषाचा शोध लागला. त्याचे चार प्रमुख प्रकार बी-१, बी-२, जी-१ आणि जी-२ असे ओळखले जातात. अतिनील प्रकाशात पहिले दोन निळे आणि पुढचे दोन हिरवे चमकतात, त्या इंग्रजी रंगनामांची ही आद्याक्षरे आहेत. चौघांत बी-१ सर्वांत घातक. यकृतात त्याचे रूपांतर अशा एका क्रियाशील रेणूत होते की तो थेट डीएनएतील ग्वानिन या घटकाला जाऊन चिकटतो, आणि म्हणूनच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. ज्यांना हिपॅटायटिस-बीचा दीर्घकालीन संसर्ग आहे, त्यांच्यात हा धोका कित्येक पटींनी वाढतो.

ही बुरशी बाहेरून येत नाही, ती शेतातल्या मातीतच असते. भुईमुगाची शेंग जमिनीखाली भरत असताना शेवटच्या महिन्या-दीड महिन्यात पावसाने ओढ दिली आणि माती तापली, की दाण्यातला ओलावा घटतो, बुरशीला रोखणारी द्रव्ये तयार करण्याची दाण्याची स्वतःची ताकद संपते आणि बुरशी आत शिरते. म्हणजे पीक काढण्यापूर्वीच निम्मे काम झालेले असते. उरलेले काम काढणीनंतरचा अवकाळी पाऊस, अर्धवट वाळलेल्या शेंगांचे ढीग आणि ओल धरणारी गोदामे पार पाडतात. अवर्षणाच्या वर्षीचा माल वरून कोरडा ठणठणीत दिसतो म्हणून तो निर्धोक, असे मानणे मात्र चूक आहे; आमच्याकडे सर्वांत वाईट आकडे अशाच वर्षी दिसत.

आता आपल्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा पुढील प्रक्रियेसाठी जाणाऱ्या शेंगदाण्याला किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आणि थेट खाण्याच्या मालाला १० मायक्रोग्रॅम अशी आहे. किलोमागे १५ मायक्रोग्रॅम म्हणजे एक टन शेंगदाण्यात १५ मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाच्या एका दाण्याच्या वजनापेक्षाही कमी. एवढेसे विष टनभर मालात सारखे पसरलेले असते तर आमचे काम सोपे झाले असते. परंतु बुरशी सगळ्या दाण्यांना लागत नाही. हजारो चांगल्या दाण्यांमध्ये एखादाच दाणा पूर्ण बाधित असतो, आणि अशा एकेका दाण्यात किलोमागे दहा लाख मायक्रोग्रॅमहून अधिक या दराने विष सापडल्याच्या नोंदी १९६०च्या दशकापासून आहेत. हिशेब करून पाहा. अर्ध्या ग्रॅमचा असा एक दाणा ५०० मायक्रोग्रॅम विष बाळगतो. त्याला १५ने भागले तर ३३ येतात, म्हणजे बाकी सर्व दाणे अगदी स्वच्छ असले तरी तो एकटा दाणा ३३ किलो शेंगदाण्याला मर्यादेच्या काठावर आणून ठेवू शकतो. तेवढ्या मालात सुमारे ६६ हजार दाणे असतात. कोणी पिशवीत अर्धा किलो दाणे घेऊन तपासणीला आले, तर त्या हजारभर दाण्यांत नेमका तो दाणा असण्याची शक्यता किती, हे आपणच ठरवा.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय व्यापारात शेंगदाण्याचा नमुना मूठभर घेत नाहीत. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या संस्थेच्या आराखड्यात कच्च्या सोललेल्या शेंगदाण्यासाठी वीस किलोंचा प्रयोगशाळा नमुना सांगितला आहे. तोही लॉटच्या अनेक ठिकाणांहून थोडा थोडा उचलून एकत्र केलेला, आणि नंतर सगळाच्या सगळा बारीक दळून मिसळलेला. या क्षेत्रात पहिल्या वर्षी प्रत्येकाला यंत्राचे कौतुक असते, माझेही होते. पुढे कळत जाते की अंतिम आकड्यातली बहुतेक अनिश्चितता यंत्रात नसून पोत्यापाशीच असते.

यंत्रापाशी काय घडते तेही सांगतो. दळलेल्या पिठातले पन्नास ग्रॅम काचेच्या भांड्यात घेऊन त्यात मिथेनॉल, पाणी आणि चिमूटभर मीठ घालून ते मिश्रण दोन-तीन मिनिटे वेगाने घुसळतात, गाळतात आणि पातळ करतात. नंतर ते एका बोटभर नळीतून सेकंदाला साधारण एक थेंब या संथ गतीने सोडले जाते. त्या नळीतल्या जेलीला अफ्लाटॉक्सिन ओळखणारी प्रतिपिंडे चिकटवलेली असतात. ती विष तेवढे पकडून ठेवतात, रंग, तेल, प्रथिने सगळे वाहून जाते. नळी पाण्याने धुऊन शेवटी शुद्ध मिथेनॉलचा एक मिलिलिटर सोडला की पकडलेले विष सुटून खालच्या तपकिरी कुपीत येते. कुपी तपकिरी असते, कारण उजेडात अफ्लाटॉक्सिन विघटित होते. तो द्रव एचपीएलसी या, मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात गेल्यावर पडद्यावर दहा-पंधरा मिनिटांत एकामागून एक शिखरे उमटतात: जी-२, जी-१, बी-२ आणि सर्वांत शेवटी बी-१. नमुन्याच्या बरोबरीने, माहीत असलेले विष मुद्दाम मिसळलेला एक स्वच्छ नमुनाही याच वाटेने न्यावा लागतो; त्यातले सत्तर टक्क्यांहून कमी हाती लागले तर त्या दिवसाची सगळी मोजणी रद्द. काम संपल्यावर भांडी ब्लीचच्या द्रावणात बुडवून ठेवायची. हातमोजे काढताना आजही माझी नजर नकळत नखांकडे जाते.

अहवाल वाचताना ‘आढळले नाही’ या शब्दांच्या शेजारी, किंवा तळाशी बारीक अक्षरांत, परिमाणन मर्यादा, म्हणजे खात्रीने मोजता येणारे सर्वांत कमी प्रमाण, दिलेली असते. समजा ती किलोमागे एक मायक्रोग्रॅम आहे, तर शेऱ्याचा अर्थ एवढाच की प्रमाण एकपेक्षा कमी होते. शून्य होते असे कोणीही म्हटलेले नाही. ती मर्यादा छापलेलीच नसेल, तर त्या शेऱ्याला फारशी किंमत देऊ नये. दुसरे वाक्य शोधावे ते ‘नमुना ग्राहकाने आणून दिला’ या अर्थाचे. ते असेल तर प्रयोगशाळेने स्वतः नमुना उचललेला नाही, आणि अहवाल फक्त त्या बाटलीपुरता आहे. आयएसओ १७०२५ या प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार एनएबीएल या राष्ट्रीय मान्यता मंडळाची मान्यता असली, तरी ती कोणत्या पदार्थातील कोणत्या चाचणीला आहे हे पाहावे लागते. मान्यता प्रयोगशाळेला सरसकट नसते, एकेका चाचणीला असते.

एकदा एका व्यापाऱ्याचा नमुना आमच्याकडे मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी निघाला. आठवड्याने त्याच लॉटमधल्या दुसऱ्या पोत्यांतला नमुना आला आणि तो मर्यादेच्या दुपटीहून वर गेला. व्यापारी चिडला, आमच्यावर हलगर्जीपणाचा आरोप केला, आणि खरे सांगायचे तर मलाही आधी स्वतःच्याच हातावर शंका आली. दोन्ही नमुन्यांचे राखून ठेवलेले पीठ पुन्हा तपासले. दोन्ही आकडे जवळजवळ तसेच्या तसे आले. दोन्ही मोजण्या बरोबर होत्या. चुकले होते ते उचलण्यात: पहिल्या वेळी माल वरच्या थरातल्या चार पोत्यांतून घेतला होता, आणि तो उचलणारा माणूस आमचाच होता.

आता तेलाविषयी. आपल्या परिचिताचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. अफ्लाटॉक्सिन तेलात फारसे विरघळत नाही, त्यामुळे दाणे गाळताना त्यातला बहुतांश भाग पेंडीत राहतो आणि थोडाच तेलात उतरतो. तोही बराचसा गाळाच्या सूक्ष्म कणांना चिकटून. रिफाइनरीत अल्कलीची प्रक्रिया आणि शोषक मातीने केलेले विरंजन, म्हणजे रंग काढणे, यांत हा उरलेला अंश जवळजवळ पूर्ण निघून जातो. घाण्याच्या तेलावर या दोन्ही प्रक्रिया होत नाहीत, त्यामुळे त्याची शुद्धता संपूर्णपणे मूळ दाण्याच्या निवडीवर अवलंबून राहते. ‘असतेच’ हा शब्द चुकीचा आहे, ‘असू शकते’ हा बरोबर. कढईत तापवल्याने ते जाईल ही आशाही नको, कारण बी-१चा वितळणबिंदूच २६८ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे आणि आपले तळण १८० अंशांच्या आगेमागे होते. भाजण्याने प्रमाण काही अंशी घटते, संपत नाही.

पेंडीत राहिलेले विष कुठे जाते, हाही प्रश्न आपल्याच स्वयंपाकघराशी येऊन थांबतो. दुभत्या गाईम्हशींच्या खुराकात बाधित पेंड आली की त्यातला थोडा भाग यकृतात रूप बदलून दिवसाभराच्या आत दुधात एम-१ या स्वरूपात उतरतो, आणि दूध उकळल्याने तो नष्ट होत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८च्या देशव्यापी दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत, एम-१ मर्यादेपेक्षा अधिक आढळला होता. त्या सर्वेक्षणाआधी बातम्यांचा सगळा रोख युरिया आणि डिटर्जंटच्या भेसळीवर होता. प्रत्यक्षात मोठी अडचण चाऱ्याची आणि पेंडीची निघाली.

या मात्रा दीर्घकाळ पोटात गेल्यास होणाऱ्या धोक्याच्या आहेत. एका डब्याने कोणी आजारी पडत नाही. तीव्र विषबाधा कशी असते याचे आपल्या देशातले उदाहरण १९७४ सालचे आहे. काढणीच्या वेळच्या अवकाळी पावसाने बुरशी लागलेला मका खाऊन गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा जिल्ह्यांतील आदिवासी गावांत शंभराहून अधिक माणसे यकृत निकामी होऊन दगावली, आणि त्याच घरांतले अन्न खाणारी कुत्रीही कावीळ होऊन मेली. तो मका खाण्यावाचून त्या कुटुंबांना पर्याय नव्हता.

घरच्या घरी तपासता येईल का, असे आपण शेवटी विचारले आहे. तसे करता येत नाही. बाजारात मिळणारी अतिनील टॉर्च घेऊ नका. मक्यासारख्या धान्यात तिच्या प्रकाशात दिसणारी हिरवट-पिवळी चमक त्याच बुरशीच्या दुसऱ्या एका द्रव्यामुळे असते, अफ्लाटॉक्सिनमुळे नव्हे. खवट वास हा तेलाच्या ऑक्सिडीकरणाचा, त्याचाही या विषाशी संबंध नाही. डोळ्यांनी निवडणे मात्र खरोखर उपयोगी पडते, कारण बाधित दाणे बहुतेकदा सुरकुतलेले, काळवंडलेले, पिवळट किंवा किडके असतात, आणि मोठ्या कारखान्यांतही रंग ओळखणारी यंत्रे हेच काम करतात. त्यामुळे मला विचाराल तर घाण्याच्या तेलापेक्षा दुकानातल्या तयार दाण्याच्या कुटाची मला अधिक काळजी वाटते. उपवासाच्या दिवशी तो आपण वाट्या भरभरून खातो, तो गाळला जात नाही, आणि एकदा कूट झाला की वाईट दाणा नजरेला पडायची सोयच उरत नाही. दाणे आणून, ताटात पसरून निवडावेत आणि घरी भाजून कूट करावा. कडू लागलेला दाणा थुंकून टाकायची आपल्याकडची सवयही योग्यच आहे.

घाणेवाल्याला तेलाच्या अहवालाऐवजी शेंगदाण्याविषयी विचारा: माल कुठून घेता, गाळण्याआधी निवडता का, निवडून बाजूला काढलेल्या दाण्यांचे काय करता? शेवटच्या प्रश्नावर तो अडखळला, तर ते दाणे घाण्यातच जात असण्याची शक्यता आहे. शक्य असल्यास स्वतः निवडलेले दाणे देऊन समोर तेल काढून घ्या, ते चार-आठ दिवस अंधारात स्थिर ठेवा आणि तळाचा गाळ वापरू नका. आणि अहवाल पुन्हा हाती आला, तर त्यावरची नमुना मिळाल्याची तारीख आणि आपल्या डब्यावरची तेल काढल्याची तारीख आधी ताडून पाहा.