सिझेरियननंतर पोटात राहिलेले गॉज आणि अडवलेले केसपेपर

आपले सिझेरियन १९ महिन्यांपूर्वी झाले, तेव्हापासून पोटदुखी थांबली नाही आणि अखेर दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया करून पोटात राहिलेले गॉज (रक्त टिपण्याचे जाळीदार कापड) काढावे लागले, असे आपण कळवले आहे. पहिले खासगी रुग्णालय केसपेपर देत नाही आणि आपण संमतिपत्रावर सही केल्याचे सांगते. हे दुसऱ्या बाळंतिणीच्या वाट्याला येऊ नये, ही आपली तळमळ मला पैशांच्या प्रश्नाइतकीच महत्त्वाची वाटते.

त्या सहीला घाबरू नका. संमती शस्त्रक्रियेतील अंगभूत धोक्यांना दिलेली असते, निष्काळजीपणाला नव्हे. पोट शिवण्यापूर्वी गॉज, मॉप (रक्त टिपण्याचे मोठे कापड) आणि हत्यारे मोजून हिशेब जुळवणे ही शस्त्रक्रियेतील प्राथमिक जबाबदारी असून जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया-सुरक्षा सूचीतही ती नमूद आहे. त्यामुळे आपल्याला सर्वांत आधी हवी आहे ती या मोजणीची नोंद. मोजणी जुळल्याचे लिहिले असेल, तर ती नोंद दुसऱ्या रुग्णालयाच्या कागदांसमोर टिकणार नाही. उल्लेखच नसेल, तर तेही आपल्याच बाजूने बोलेल.

केसपेपरची मागणी आजच लेखी करा आणि पोच जपून ठेवा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णाच्या (रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णाच्या) नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे आणि मागणीनंतर ७२ तासांत देणे बंधनकारक आहे. नकार मिळाल्यास राज्य वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते.

मुदतीबाबत मात्र मी आग्रहाने सांगेन. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत तक्रार करावी लागते. गॉज नंतर सापडले, म्हणून मुदत तेव्हापासून सुरू होते, असा युक्तिवाद शक्य आहे; पण पोटात गॉज राहिल्याच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये, रुग्णाने वर्षानुवर्षे दुखणे सोसूनही डॉक्टरांशी संपर्क साधला नाही म्हणून तक्रार मुदतबाह्य ठरवली. आपण सिझेरियनच्या दिवसापासून मुदत मोजा, म्हणजे हाती पाचच महिने आहेत. फौजदारी तक्रारीची घाई नको, कारण तिथे गंभीर स्वरूपाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो.

तक्रारीत भरपाईबरोबर आपली तळमळही मागणी म्हणून लिहा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३९ नुसार आयोग सेवेतील त्रुटी दूर करण्याचा आदेश देऊ शकतो. तेव्हा प्रत्येक सिझेरियनमधील मोजणी दोन जणांच्या सहीने नोंदवली जावी, असा आदेश स्पष्ट शब्दांत मागा.