आधी तेंदूची बैठक बघ

प्रिय मित्रा,

तुझा रोजगाराचा प्रस्ताव वाचला. शेळ्या, शिलाई मशीन, अगरबत्ती. (ही अगरबत्ती दरवेळी कुठून उगवते, देव जाणे.) गडचिरोलीतल्या ज्या गावांत तू चाललास, तिथे सामूहिक वनहक्क (गावाने मिळून जंगल वापरायचा आणि सांभाळायचा कायदेशीर हक्क) मिळालेलं जंगल दारात उभं आहे आणि तुझ्या प्रस्तावात त्याचं नावही नाही.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाची ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तुला पाठ असेलच. तिच्यामागचा व्यवहार मात्र फारसं कोणी सांगत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातल्या इतर उत्पन्नात, धरला, २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. तरी बांबूचा ट्रक बाहेर काढायला वाहतूक परवाना लागतो आणि तो द्यायचा कोणी, यावर घोडं अडलं. २७ एप्रिल २०११ ला परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं, तेव्हा कुठे गाव आपला बांबू आपण विकू लागलं. तोवर जंगलातून गावाला मिळायची ती मुख्यतः मजुरी.

पैसा येण्याआधी कितीतरी वर्षं तिथे अभ्यास गट बसत होते. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकाचं जरी अडलं तरी पुन्हा बैठक. कंटाळवाणं काम आहे आणि त्याला निधी कोणी देत नाही. पण चेकवर सही कोणाची, हिशेब कोणासमोर वाचायचा, हे भांडण पैसा आल्यावर मिटत नसतं.

आता तेंदूचं, म्हणजे विडीच्या पानांचं बघ. पहाटे अख्खं घर जंगलात, दुपारी अंगणात बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या केंद्रावर, द्यायचे. पुड्यांची मजुरी वेगळी आणि रॉयल्टी, म्हणजे पानांची किंमत, वेगळी. लिलाव ग्रामसभेने केला की रॉयल्टी तिच्या खात्यात येते. शेजारची चार गावं एकत्र आली तर ठेकेदार भाव वाढवतो, एकट्या गावाला तो खेळवतो. करारात हप्त्यांच्या तारखा आणि अनामत नसेल तर पावसाळा उलटला तरी लोक पैशाची वाट बघत बसतात. माझ्या मते तुझी पहिली दोन वर्षं या एका करारावर गेली तरी चालतील. शेळ्या नंतर घे. त्या कुठे पळून जात नाहीत.

आणखी एक, बायकांना बैठकीला नुसतं बोलावून भागत नाही. पुडे त्या बांधतात, फळीवरची मोजणी त्यांना तोंडपाठ असते. भावाची चर्चा त्यांच्यासमोर व्हावी, आणि त्यांना सोयीच्या वेळी व्हावी.

तोडणी एप्रिल-मेमध्ये होते, लिलावाच्या बैठका त्याआधी. जाताना वही ने, प्रस्ताव नेऊ नकोस. गेल्या तीन हंगामांत भाव काय ठरला, हातात किती आला आणि कधी आला, एवढं घरोघर विचारून लिहून आण. मग प्रस्ताव पुन्हा लिहू, मी बसतो सोबत.

तुझा,
काका