इंग्रजीतल्या नेहमीच्या म्हणी कोणत्या आणि त्यांचे अर्थ मुलाच्या लक्षात कसे राहतील?

ताई, तुमचा मुलगा नववीत आहे, इंग्रजी म्हणींची यादी रात्री घोकतो अन् सकाळी विसरतो, म्हणून नेहमीच्या म्हणी कोणत्या आणि त्या लक्षात कशा ठेवायच्या, असं तुम्ही विचारलंय. मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या एका गावात शेती करतो आणि संध्याकाळी गावातल्या पोरांना इंग्रजी शिकवतो. माझं मत पक्कं आहे : यादी बाजूला ठेवा. म्हण समोर आली की पोराला आधी विचारा, ही कोणाच्या कामातून आली असेल? शेतकऱ्याच्या, लोहाराच्या, शिंप्याच्या, की जनावरं विकणाऱ्याच्या? इंग्रजीतल्या बऱ्याच जुन्या म्हणी खेड्यातल्या कामांतूनच आलेल्या आहेत, आणि ती कामं आपल्या पोरांनी रोज पाहिलेली असतात.

आता हीच घ्या : 'मेक हे व्हाइल द सन शाइन्स'. गाइडात अर्थ दिलेला असतो, संधीचा फायदा घ्या. 'हे' म्हणजे वाळवलेलं गवत. इंग्लंडात हिवाळ्यात जनावरांना चरायला पुरेसं गवत नसतं. म्हणून उन्हाळ्यात गवत कापायचं, शेतातच पसरायचं, उलटंपालटं करून वाळवायचं आणि रचून ठेवायचं. पण तिकडचा उन्हाळा म्हणजे आपला मे महिना नव्हे, पाऊस केव्हाही येतो. ओलं गवत रचलं तर त्याला बुरशी धरते, ते आतून तापतं, आणि कधीकधी अख्खी गंजी आपोआप पेट घेते.

मी पोरांना सांगतो, ऑक्टोबरातलं आपलं वावर डोळ्यांपुढे आणा. सोयाबीन सोंगून पडलंय, परतीचा पाऊस आभाळात आहे, मजूर मिळत नाहीत, थ्रेशरवाला आज येतो, उद्या येतो करतोय. ऊन आहे तोवर शेंगा वाळवायच्या, सुडी लावायची, वरून ताडपत्री ओढून कडेला दगड ठेवायचे. एकदा का भिजलं की शेंगेतच दाण्याला कोंब फुटतात, दाणा काळा पडतो, आणि मार्केटात व्यापारी मूठभर माल तळहातावर घेऊन भाव पाडतो. हे सांगत होतो तेव्हा मागून एक पोरगी म्हणाली, "सर, हे त आपल्या सुडीवानीच झालं." तिला अर्थ पुन्हा सांगावा लागला नाही.

या म्हणीपुढे काही जण 'वाहत्या गंगेत हात धुणे' लिहून देतात. मला ते मुळीच पटत नाही. त्यात दुसऱ्याच्या खटाटोपाचा आयता लाभ उठवण्याचा भाव आहे. इथे ऊन तेवढं फुकट, बाकी सगळा घाम आपला. ही म्हण जॉन हेवूड यांच्या १५४६ च्या इंग्रजी म्हणींच्या संग्रहात आहे, म्हणजे पावणेपाचशे वर्षांपूर्वीही तिथल्या शेतकऱ्याला हीच धास्ती होती.

'डोन्ट लुक अ गिफ्ट हॉर्स इन द माउथ' ही माझी आवडती. भेट मिळालेल्या घोड्याचं तोंड उघडून पाहू नका. का? तर घोड्याचं वय दातांवरून कळतं. वय वाढतं तसे दात झिजतात, हिरड्या मागे सरतात आणि दात लांब दिसू लागतात. तुमचा मुलगा बैलबाजारात गेला असेल तर त्याला हे लगेच कळेल. गिऱ्हाईक आधी शिंगं, खूर, वशिंड पाहतं, मग एका हातानं वेसण धरतं, दुसऱ्या हातानं बैलाचा खालचा ओठ खाली ओढतं आणि दात मोजतं. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, त्यामुळे खालचे पाहायचे. साधारण दोन वर्षांचा झाला की दुधाचे दोन दात पडून पक्के दोन येतात, तो दोन दाती. मग चार दाती, सहा दाती, आणि चार-पाच वर्षांपर्यंत आठही येतात. विकत घेताना हे पाहायलाच हवं. पण कोणी प्रेमानं दिलेल्या जनावराचे दात त्याच्यासमोर मोजणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान. आपल्याकडे याच अर्थाची म्हण आहे : धर्माची गाय अन् दात का गं नाय. ही जोडी अगदी चपखल आहे.

अशा चपखल जोड्या आणखीही आहेत. घोडा पळून गेल्यावर तबेल्याला कुलूप लावणं म्हणजे आपलं 'बैल गेला अन् झोपा केला'. झोपा म्हणजे गोठ्याचं तट्ट्याचं दार, तेवढं पोराला सांगा. 'डोन्ट काउंट युवर चिकन्स बिफोर दे आर हॅच्ड', म्हणजे अंड्यातून बाहेर येण्याआधी पिल्लं मोजू नका. आपल्याकडे 'बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी'. आपल्या तूर पिकवणाऱ्या भागात ही वेगळी समजवावी लागू नये. वाईट कारागीर हत्यारांना दोष देतो, तिथे 'नाचता येईना अंगण वाकडं'. रिकामं भांडं जास्त वाजतं, तिथे 'उथळ पाण्याला खळखळाट फार'.

'अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाइन' : वेळेवर घातलेला एक टाका पुढचे नऊ टाके वाचवतो. पोत्याची शिवण जराशी उसवली की दाभण-सुतळी घेऊन तेव्हाच टाका मारतात, तसंच. नऊच का, असं पोरं विचारतात. 'टाइम' आणि 'नाइन' कानाला जुळतात, एवढंच. थॉमस फुलर यांच्या १७३२ च्या संग्रहात ही म्हण आहे.

'पेनी वाइज, पाउंड फूलिश' समजायला थोडा हिशेब लागतो. १९७१ पर्यंत १२ पेनींचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पाउंड, म्हणजे पाउंडाच्या २४० पेनी होत. एकेक पेनी जपणारा, पण पाउंड घालवताना भान नसलेला, असा माणूस. बिनबिलाचं स्वस्त बियाणं घेतलं, ते उगवलं नाही आणि दुबार पेरणीचा खर्च बसला, हे गावात कोणालाही विचारा.

'व्हेन इन रोम, डू ॲज द रोमन्स डू' म्हणजे 'देश तसा वेश'. तिच्यामागची गोष्ट पोराला नक्की सांगा. चौथ्या शतकात रोममध्ये शनिवारी उपास धरायची रीत होती, मिलानमध्ये नव्हती. संत ऑगस्टीन यांच्या आईला मिलानमध्ये प्रश्न पडला, आपण काय करावं? तिथले बिशप अँब्रोज यांनी सांगितलं, मी रोममध्ये असलो की शनिवारी धरतो, इथे असलो की धरत नाही. ऑगस्टीन यांनी हे पत्रात लिहून ठेवलंय. आपल्याकडे मारुतीचा शनिवार धरणारी घरं आहेतच, त्यामुळे ही गोष्ट पोरांना लांबची वाटत नाही.

एका म्हणीपाशी मात्र थांबा : 'अ रोलिंग स्टोन गॅदर्स नो मॉस'. गडगडत्या दगडावर शेवाळ धरत नाही. जुना अर्थ असा, की सारखी जागा बदलणाऱ्याकडे काही साठत नाही, म्हणजे शेवाळ ही चांगली गोष्ट. आता बरेच जण उलट घेतात : फिरता राहणारा माणूस गंजत नाही, ताजातवाना राहतो. दोन्ही अर्थ चालतात. मुलाला सांगा, पेपरात ही म्हण आली तर पुढचंमागचं वाक्य वाचायचं, तिथे शेवाळ कमाई आहे की घाण ते पाहायचं आणि मगच अर्थ लिहायचा.