बर्फ नसलेल्या शहरातून फिगर स्केटर ऑलिंपिकपर्यंत पोहोचू शकतो का?

तुमची मुलगी नऊ वर्षांची आहे, पुण्यात रोलर स्केटिंग करते आणि आता टीव्हीवर बघून बर्फावरच्या फिगर स्केटिंगचा हट्ट धरून बसली आहे. आपल्याकडून कुणी तिथवर जाऊ शकतं का, असं तुम्ही विचारलंय. मी कोथरूडला मुलांना रोलर स्केटिंग शिकवतो आणि हा प्रश्न मला पालकांकडून नेहमी येतो. भारताचा एकही फिगर स्केटर आजवर ऑलिंपिकमध्ये उतरलेला नाही. पण बर्फ कधीच पडत नाही अशा देशातून एक मुलगा गेलाय, फिलिपिन्सचा मायकल क्रिश्चन मार्टिनेझ. मी त्याचीच कारकीर्द सांगतो, कारण त्यात आशाही आहे आणि किंमतही कळते.

जन्म १९९६चा, लहानपणापासून दमा. मनिला परिसरातल्या एका मॉलमधल्या रिंकवर तो शिकला. मॉलमध्ये शिकणं म्हणजे काय, हे समजून घ्या. सुट्टीच्या दिवशी असा रिंक दिवाळीआधीच्या लक्ष्मी रोडसारखा भरलेला असतो. अ‍ॅक्सल ही एक उडी समोर जाताना घेतात, ती सोडली तर फिगर स्केटिंगची प्रत्येक उडी पाठमोरं जाताना घ्यायची असते. मागे कोण आहे ते दिसत नाही आणि वेग तर हवाच. म्हणजे सराव खरा होतो तो रिंक रिकामा असताना, गर्दी येण्याआधी किंवा गेल्यावर. बर्फ आहे की नाही हा प्रश्न दुय्यम आहे. मोकळ्या बर्फावर किती तास मिळतात, यावर सगळं ठरतं. पुढे ते तास आणि प्रशिक्षक मिळवायला त्याला कॅलिफोर्निया गाठावं लागलं. त्या खर्चापायी घर गहाण ठेवल्याचं त्याच्या आईनं उघडपणे सांगितलं होतं. हे मी पालकांपासून कधी लपवत नाही.

दुसरी अडचण जागांची. ऑलिंपिकला तेव्हा पुरुष एकेरीत सगळे मिळून ३० स्केटर असायचे. बहुतेक जागा आदल्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेतून जातात आणि मोठे देश दोन-दोन, तीन-तीन घेऊन बसतात. उरलेल्या थोड्या जागांसाठी मार्टिनेझ २०१३ मध्ये जर्मनीतल्या नेबेलहॉर्न ट्रॉफीत उतरला आणि जागा मिळवली. २०१४ ला सोची ऑलिंपिकमध्ये फिलिपिन्सचा तो एकमेव खेळाडू होता, त्यामुळे ध्वजही त्याच्याच हातात. वय १७. पहिली छोटी फेरी म्हणजे शॉर्ट प्रोग्रॅम. त्यातले पहिले २४ जण दुसऱ्या, लांब फेरीत, म्हणजे फ्री स्केटला जातात. तो १९ वा आला, फ्री स्केट केलं आणि शेवटी १९ वाच राहिला. त्याची बीलमन स्पिन शोधून बघा. पाय पाठीमागून डोक्यावर ओढून घेत गरकन फिरायचं. पुरुषांत ती फार थोड्यांना जमते.

लोक म्हणतात, १९ वा म्हणजे काय मोठंसं! मला ते अजिबात पटत नाही. १९ वा नंबर किती अवघड होता, हे २०१८ मध्ये कळलं. प्योंगचांग ऑलिंपिकला तो आधी पात्रच ठरला नव्हता. स्वीडननं जागा सोडली म्हणून त्याला बोलावणं आलं. तिथं शॉर्टमध्ये २८ वा, फ्री स्केट नाही. त्याच स्पर्धेत मलेशियाचा जुलियन यी होता, तोही मॉलच्याच रिंकवर घडलेला. तो आला २५ वा, एका नंबरानं बाहेर. आदल्या वर्षी क्वालालंपूरच्या आग्नेय आशियाई स्पर्धेत यीनं सुवर्ण आणि मार्टिनेझनं रौप्य घेतलं होतं. मॉलमध्ये शिकलेली ही दोन पोरं आपापल्या देशासाठी वाट पाडत होती, आणि मला त्यांचं कौतुक पदकवाल्यांपेक्षा कमी वाटत नाही.

आता आपल्याकडचं. शिमल्याचा रिंक उघड्यावरचा, फक्त थंडीत चालतो. देहरादूनचा २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधला आणि नंतर बरीच वर्षं बंद पडून होता. भारताकडून खेळणारी तारा प्रसाद अमेरिकेत वाढली, तिथंच शिकली. म्हणजे मुलीनं हे मनावर घेतलं तर कधीतरी पुण्याबाहेर, बहुधा देशाबाहेर राहावं लागेल, आणि घरातल्या एकाला तिच्याबरोबर जावं लागेल.

पण ते आज ठरवायची गरज नाही. पुण्यात बहुतेक मुलं स्पीड स्केटिंगला घातली जातात. तिला आर्टिस्टिककडे, म्हणजे चाकांवरच्या फिगर स्केटिंगकडे वळवा. तिथं अ‍ॅक्सल, लुट्झ, फ्लिप या उड्यांची नावं तीच आहेत, हवेतली गिरकी आणि एका पायावर उतरणंही तेच. ब्लेडची धार मात्र चाकाला नसते, ते बर्फावरच शिकावं लागेल. सोबत बॅले नाहीतर भरतनाट्यम, आणि अंगाची लवचीकता टिकवणारा रोजचा व्यायाम. पुढच्या सुट्टीत आठवडाभर तिला बर्फाच्या रिंकवर न्या, सकाळच्या मोकळ्या वेळी. पडल्यावर ती आपणहून उठून पुन्हा त्याच उडीकडे जाते का, तेवढं बघा आणि मग मला कळवा.