जिल्हा परिषद अध्यक्षांचं रोजचं काम नेमकं काय असतं? आदेश काढणं की फक्त सभा घेणं?

रोजचा मोठा वेळ लोकांना भेटणं, त्यांचे अर्ज संबंधित विभागाकडे पाठवून पाठपुरावा करणं आणि सभांची तयारी यात जातो. प्रशासकीय आदेश काढणं हे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचं काम. हे १९६१ च्या महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमातच स्पष्ट आहे. अध्यक्ष सर्वसाधारण सभा चालवतात, स्थायी समितीचे सभापती असतात, कोणत्याही विभागाची कागदपत्रं मागवू शकतात आणि आणीबाणीत एखादं काम लगेच सुरू करायला सांगू शकतात. भेटायला येणारे बहुतेक सरपंच, सदस्य आणि पालक: शाळेची खोली गळते, आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, उन्हाळ्यात नळयोजना बंद पडली. इथे अध्यक्षांचा खरा कस लागतो, कारण धनादेशावर सही त्यांची नसते. फाईल कुठल्या टेबलावर अडली आहे हे शोधून तिचा पिच्छा पुरवणारा अध्यक्षच गावाच्या उपयोगी पडतो, असं माझं ठाम मत आहे. मार्चच्या आसपास अंदाजपत्रक आलं की जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातला पैसा कुठे द्यायचा यावर सदस्यांची समजूत घालण्यात दिवस जातात. सातबारा, रेशनकार्ड यांसाठी मात्र त्यांच्याकडे जाऊ नका, ते महसूल आणि पुरवठा खात्याचं काम आहे.

एक लक्षात ठेवा: मुदत संपूनही निवडणूक झाली नसेल तर अध्यक्षच नसतात, प्रशासक कारभार बघतो. २०२२ नंतर अनेक जिल्ह्यांत हेच झालं. तेव्हा अर्ज थेट मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे द्यावा आणि पोच घ्यावी.