ताळा जुळला, तरी उत्तर शून्य कसं?

वाचकांचे प्रश्न : चॅटबॉट, बीजगणित आणि यंत्राची आकडेमोड

प्रश्न : चॅटबॉटला एकाच मॅट्रिक्सचा (संख्यांच्या चौकटीचा) इनव्हर्स, म्हणजे व्यस्त मॅट्रिक्स, दोनदा विचारला, दोन वेगळी उत्तरं आली. वर्गातल्या मुली म्हणतात, ‘उत्तर मागू नकोस, कोड माग.’ त्यानं काय फरक पडतो?
– इंजिनीअरिंगची विद्यार्थिनी, विलेपार्ले

मुली बरोबर सांगताहेत. चॅटबॉट पुढचा शब्द कोणता असावा याचा अंदाज बांधत लिहितो, आकडेही तसेच लिहितो. हातचा धरायला तो विसरतो असं नाही, हातचा नावाची गोष्टच तिथे पक्की नसते. सिम्पाय ही पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली, बीजगणित करणारी फुकट लायब्ररी मात्र √२ ला √२ च ठेवते आणि नियमानं एकेक पायरी करते. साधा लॅपटॉप पुरतो, ग्राफिक्स कार्ड लागत नाही.

बॉटला सांगा : ‘सिम्पायचा कोड लिही, सगळे अपूर्णांक रॅशनल ठेव, आणि शेवटी मूळ मॅट्रिक्स गुणिले इनव्हर्स छापून दाखव.’ गुणाकार तंतोतंत एकक मॅट्रिक्स (कर्णावर १, बाकी सगळीकडे ०) यायला हवा. ०.९९९९ आलं, तर कुठेतरी दशांश घुसलाय. बहुतेक वेळा दोषी असतो साधा १/३. पायथन त्याचा लगेच ०.३३३३… करून टाकतो, सिम्पायच्या हाती पडेपर्यंत उशीर झालेला असतो. मग जो डिटरमिनंट (मॅट्रिक्सवरून काढलेली एक संख्या, ती शून्य असेल तर इनव्हर्स नसतो) शून्य यायला हवा तो शून्याच्या जवळचा कुठलातरी बारीक आकडा येतो, यंत्राला वाटतं इनव्हर्स आहे, आणि ते अवाढव्य संख्यांचं मॅट्रिक्स हातात ठेवतं.

पायथनमध्ये घातासाठी दोन गुणाकारचिन्हं (**) लागतात. टोपीचं चिन्ह (^) वापरलंत तर पायथनमध्ये ‘२ टोपी ३’ चं उत्तर १ येतं, ८ नाही, आणि तक्रारही येत नाही. शिवाय कोड खरंच चालवा. काही वेळा बॉट कोडखाली ‘आउटपुट’ म्हणून स्वतःच काहीतरी लिहून मोकळा होतो. ते आउटपुट नव्हे, तो पुन्हा अंदाजच.

प्रश्न : सिम्पाय की मॅक्सिमा?
– एक वाचक, मुलुंड

मॅक्सिमा हाही बीजगणित करणारा फुकट प्रोग्रॅम, आणि त्याचं घराणं जुनं : मूळपुरुष म्हणजे अमेरिकेतल्या एमआयटीत १९६८ साली सुरू झालेला मॅकसिमा (Macsyma). त्यात १/३ आपोआप अपूर्णांकच राहतो आणि टोपीचं चिन्ह घातच असतं, म्हणजे वरचे दोन्ही खड्डे नाहीत. अडलं की ‘अ धन आहे, ऋण की शून्य?’ असं सरळ विचारतं, हे आम्हाला फार आवडतं. पण बॉटकडून कोड घ्यायचा असेल तर पायथन बरा, त्याचा त्याला सराव जास्त.

प्रश्न : १/(२ + कॉस क्ष) याचा ० ते २पाय (२π) इंटिग्रल बॉटला विचारला. त्यानं (२/√३) × आर्कटॅन( टॅन(क्ष/२) / √३ ) हे अँटिडेरिव्हेटिव्ह (ज्याचं डेरिव्हेटिव्ह मूळ फल येतं ते) दिलं. सिम्पायमध्ये डेरिव्हेटिव्ह काढून ताळा पाहिला, जुळला. पण मर्यादा घातल्या तर उत्तर शून्य! चूक कोणाची?
– गणिताचे शिक्षक, दादर

डेरिव्हेटिव्ह बरोबर आहे. मर्यादा घालण्याची घाई नडली.

आधी कागद-पेन्सिलीनं पाहू. २ + कॉस क्ष हे १ ते ३ च्या बाहेर जात नाही, म्हणून आतलं फल १/३ ते १ च्या दरम्यान राहतं. त्याला २पाय रुंदीनं गुणलं की उत्तर २.०९ आणि ६.२८ यांच्यामध्ये कुठेतरी असायलाच हवं. शून्य शक्यच नाही.

आता क्ष = पाय पाशी जा. तिथे टॅन(क्ष/२) डावीकडून अनंताकडे जातो, तर उजवीकडून ऋण अनंताकडे. म्हणून आर्कटॅन पाय/२ वरून एकदम ऋण पाय/२ वर कोसळतो. तुमचं सूत्र त्या जागी २पाय/√३ इतकी उडी मारतं, आणि नेमकी तेवढीच रक्कम हिशेबातून गळते. ० ते पाय आणि पाय ते २पाय असे दोन तुकडे करा. प्रत्येकाचे पाय/√३, एकूण २पाय/√३, म्हणजे सुमारे ३.६२७६.

डेरिव्हेटिव्हचा ताळा प्रत्येक तुकड्यापुरता खरा असतो, उडी त्याला दिसत नाही. म्हणून ठरावीक मर्यादांच्या इंटिग्रलला आकडेमोडीचा वेगळा ताळा घ्यायचाच, सिम्पायमध्ये ते एका ओळीचं काम आहे.

उलट बाजूही ध्यानात असू द्या. दोन राशींची वजाबाकी ‘सिम्प्लिफाय’ करून शून्य आली नाही, तर लगेच उत्तर चूक म्हणू नका. साइन, घातांक, निरपेक्ष किंमत अशी फलं एकत्र आली की राशी शून्य आहे की नाही हे दर वेळी ठरवणारी पद्धत असूच शकत नाही, हे गणितज्ञ रिचर्डसन यांनी १९६८ मध्ये सिद्ध केलं. अशा वेळी क्ष ला तीन-चार वेड्यावाकड्या किमती देऊन चाळीस अंकांपर्यंत किंमत काढा. एके ठिकाणी जरी स्पष्ट फरक पडला तरी निकाल लागला.

प्रश्न : गणित ऑलिम्पियाड स्पर्धेची गणितं सोडवणाऱ्या यंत्रात अंदाज बांधणारं भाषेचं मॉडेल आणि नियमानं चालणारा प्रोग्रॅम हे दोघं काम कसं वाटून घेतात?
– निवृत्त अभियंता, गिरगाव

गूगलच्या डीपमाइंड कंपनीचं अल्फाजिऑमेट्री घ्या. जानेवारी २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या लेखानुसार त्यानं ऑलिम्पियाडच्या भूमितीतल्या ३० पैकी २५ प्रश्न सोडवले. नियमांवर चालणारा भाग दिलेल्या आकृतीतून निघतील तेवढी विधानं काढत सुटतो. तो अडला की भाषेचं मॉडेल एखादा नवा बिंदू किंवा रेषा सुचवतं, की हा पुन्हा सुरू. रचना सुचणं हेच भूमितीतलं अवघड काम, हे शाळेत रायडर (प्रमेयांवरची उदाहरणं) सोडवलेल्यांना सांगायला नको.

घरी करून पाहायचं तर १९९६ सालचं, मुंबईतच भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमधलं चौथं गणित घ्या. अ आणि ब धन पूर्णांक आहेत, १५अ + १६ब आणि १६अ − १५ब या दोन्ही धन पूर्णांकांच्या वर्गसंख्या आहेत. त्यांतली लहान वर्गसंख्या कमीत कमी किती?

नुसतं शोधायला सांगितलं तर बॉट अ आणि ब १०,००० पर्यंत तपासणारा कोड लिहील. दहा कोटी जोड्या तपासून हाती काहीच येणार नाही, कारण अ ची सगळ्यात लहान किंमतच १४,९११ आहे.

त्याऐवजी कल्पना मागा. दोन वर्गांना म² आणि न² म्हणा. सुचायला हवं ते असं : म⁴ + न⁴ = ४८१(अ² + ब²). हे खरं की खोटं, ते सिम्पायची कंस सोडवणारी ‘एक्सपांड’ ही आज्ञा क्षणात सांगते : +४८०अब आणि −४८०अब कटतात. ४८१ म्हणजे १३ × ३७. इथे बॉट हमखास लिहितो, ‘म्हणून म आणि न दोघांनाही १३ नं भाग जातो.’ कारण? ते दिलेलं नसतं. १३ च्या जागी १७ असता तर हे वाक्य खोटं ठरलं असतं : १⁴ + २⁴ = १७!

म्हणून यंत्राकडून तपासून घ्या. चौथ्या घाताला १३ नं भागल्यावर बाकी ०, १, ३ किंवा ९ च उरते, आणि शून्य-शून्य सोडून कुठल्याही दोन बाक्यांची बेरीज १३ होत नाही. ३७ साठी ३७ × ३७ म्हणजे १,३६९ जोड्या, त्या यंत्रानं मोजाव्यात. तिथेही शून्य-शून्यच उरतं. तेव्हा म आणि न दोन्ही ४८१ च्या पटीत, आणि लहान वर्ग ४८१² पेक्षा लहान असू शकत नाही. अ = १४,९११, ब = ४८१ घातलं की दोन्ही राशी २,३१,३६१ येतात, म्हणजे नेमका ४८१².