रेसलमेनिया ४० च्या शेवटच्या मॅचमध्ये एवढे लोक घुसले. फिनिश (ठरवून लिहिलेला शेवट) भारी म्हणायचा की नुसता गोंधळ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एप्रिल २०२४ मध्ये फिलाडेल्फियात, डब्ल्यूडब्ल्यूईच्या या सगळ्यात मोठ्या वार्षिक कुस्ती शोमध्ये, कोडी ऱ्होड्सने चॅम्पियन रोमन रेन्सला हरवलं, पण मध्ये रोमनच्या बाजूने जिमी, सोलो आणि रॉक, तर त्यांना अडवायला जे, सीना, सेथ आणि अंडरटेकर इतके जण येऊन गेले. मग कोडी स्वतःच्या जोरावर जिंकला असं म्हणता येईल का? आणि दोन रात्रींचा शो लोक म्हणतात तितका चांगला होता का?

माझं मत असं की शेवटची मॅच लोक घुसल्यामुळे बिघडली नाही, उलट त्यांच्यामुळेच उभी राहिली. शो मात्र निर्दोष नाही. खरी गळती मधल्या मॅचेसमध्ये होती, आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

आधी एक गैरसमज, की ही मॅच म्हणजे सुरुवातीपासून नुसती घुसणाऱ्यांची गर्दी. दुसरी रात्र आपल्याकडे सोमवारी, ८ एप्रिलला, पहाटे साडेचारला सुरू झाली. मेन इव्हेंट आला तेव्हा मुंबईत आठच्या सुमाराची वेळ, म्हणजे पाडव्याच्या आदल्या दिवशी अर्धी पब्लिक विरार फास्टमध्ये लटकलेली. त्यामुळे पुष्कळांनी ही मॅच नंतर हायलाइट्समध्ये पाहिली, आणि हायलाइट्समध्ये नेमके घुसलेले लोकच दिसतात. मॅच तीस मिनिटांहून मोठी आहे आणि तिचा पहिला मोठा भाग फक्त दोघांचा आहे. केंडो स्टिक, टेबल, मार खाऊन उठणं, सगळं सावकाश. तो भाग न बघता ‘गर्दी केली’ म्हणणं बरोबर नाही.

आता गर्दीचं गणित. पहिल्या रात्री रॉक-रोमन विरुद्ध कोडी-सेथ अशी जोड्यांची टॅग मॅच होती, आणि अट अशी होती की रॉक-रोमन जिंकले तर दुसऱ्या रात्री ‘ब्लडलाइन रूल्स’ (ब्लडलाइन म्हणजे रोमनची टोळी), म्हणजे कोणीही या, काहीही करा. ते जिंकले. म्हणजे माणसं येणार हे प्रेक्षकाला चोवीस तास आधीच सांगून ठेवलं होतं. फसवणूक तेव्हा होते जेव्हा नियम एक सांगतात आणि फिनिशला दुसरंच होतं. आदल्या वर्षी, रेसलमेनिया ३९ ला, नेमकं ते झालं: साध्या मॅचमध्ये सोलोने दगा दिला, कोडी हरला आणि लोक वर्षभर चिडून राहिले. या वेळी रोमनचा प्रत्येक माणूस आला तसा त्याला अडवणाराही आला. जिमीला जे ने अडवलं, सोलोला सीनाने टेबलातून घातलं, सीनाला रॉकने आडवा केला, रॉकला अंडरटेकरने.

आणि मॅचचा निर्णय यातल्या कोणी लावलाच नाही. तो लावला रोमनच्या स्वभावाने. सेथ रॉलिन्स शील्डचे, म्हणजे त्याच्या आणि रोमनच्या जुन्या टीमचे, कपडे घालून आला होता. तो आधीच मार खाऊन पडलेला, रोमनला त्याच्याकडून काही धोका नव्हता. रोमनच्या हातात खुर्ची, समोर कोडी आणि सेथ दोघंही अर्धमेले. जून २०१४ मध्ये सेथने त्याच्या पाठीत खुर्ची घालून शील्ड फोडली होती, तो राग रोमनच्या डोक्यात बसलेला. खुर्ची सेथच्या पाठीत गेली, कोडीला सावरायला वेळ मिळाला, लागोपाठ तीन क्रॉस ऱ्होड्स (कोडीचा हुकमी डाव) आणि १३१६ दिवसांचा चॅम्पियन पडला. तेव्हा ‘स्वतःच्या जोरावर का’ याचं उत्तर असं: कोडी एकटा पुरला नसता, पण रोमन हरला तो रोमनमुळे. लिखाण म्हणून हे एक नंबर काम आहे.

खटकतो तो अंडरटेकर. या गोष्टीत त्याचा कोणाशी काही संबंध नव्हता. रॉकला बाजूला काढायला कोणीतरी हवं होतं आणि त्याच्या एन्ट्रीची घंटा वाजली की स्टेडियम वेडं होतं, एवढंच कारण. दिवे गेले, आले, चोकस्लॅम, परत गायब. लोक ओरडले हे खरं, पण लोक ओरडले म्हणून बुकिंग, म्हणजे कोण कधी येणार आणि कोण जिंकणार याची आखणी, बरोबर ठरत नाही.

पहिल्या रात्रीची टॅग मॅच मला जास्त सदोष वाटते. ती ४४ मिनिटांच्या वर गेली. रॉक ५१ वर्षांचा, आणि त्याची पूर्ण लांबीची मॅच २०१३ नंतर ही पहिलीच. दम लपवायची ठरलेली युक्ती म्हणजे रिंगबाहेरची, प्रेक्षकांतून चालत केलेली मारामारी. टीव्हीवर ती खपते, कारण कॅमेरा सोबत चालतो. स्टेडियमात मात्र ज्यांच्या बाजूला मारामारी नाही त्यांना स्क्रीनवरच बघावं लागतं. दहा मिनिटं कापली असती तर काहीच बिघडलं नसतं. रॉकने कोडीला पिन केलं (खांदे जमिनीला दाबून हरवलं) हे मात्र योग्यच, नाहीतर दुसऱ्या रात्रीला वजन आलं नसतं.

स्टेडियमची अडचण समजून घेतल्याशिवाय असा शो जोखता येत नाही. रिंग असते २० बाय २० फूट. वानखेडेच्या वरच्या स्टँडमधून फक्त खेळपट्टीवर चाललेली कुस्ती बघायची कल्पना करा, तसा प्रकार. मनगटाचे लॉक, चेहऱ्यावरचे भाव तिथवर पोचत नाहीत. आवाजाचंही तसंच: शंभर मीटर जायला त्याला साधारण ०.३ सेकंद लागतात, त्यामुळे समोरासमोरच्या स्टँडमधली घोषणा एका तालात बसत नाही आणि उघड्या छतातून बराच आवाज वर निघून जातो. लिंकन फायनान्शियल फील्ड उघडं आहे. शिवाय शो सुरू होताना तिथे अजून उजेड असतो, म्हणून पहिल्या रात्री महिला चॅम्पियन रिया रिप्लीच्या एन्ट्रीला बँड प्रत्यक्ष वाजत असूनही दिव्यांचा परिणाम अर्धाच. यावर उपाय एकच, मॅचची रचना लांबून वाचता येईल अशी ठेवणं.

पहिल्या रात्रीची सहा टीमची लॅडर मॅच (वर टांगलेले बेल्ट शिडी चढून काढायची) म्हणूनच चालली. शिडी लांबूनही दिसते, पडणारा माणूसही दिसतो. टॅग विजेतेपदाचे दोन्ही बेल्ट वेगळे करायचं कामही त्यात उरकलं. उलट जे विरुद्ध जिमी फसली. जुळे भाऊ, अंगकाठी तीच, मूव्ह्ज त्याच, आणि सुरुवातीपासून सुपरकिकला (हनुवटीवरच्या लाथेला) सुपरकिक. वरून बघणाऱ्याला कोण कोणाला मारतोय हेच कळायला वेळ लागतो. जिमीचं खोटं माफी मागणं हा एकच चांगला क्षण, तोही जवळून बघायचा. महिनोन् महिने तापवलेलं भांडण अकरा मिनिटांत संपलं आणि मॅच कोणाच्या लक्षातही राहिली नाही. दोन रात्रींतली सगळ्यात मोठी वाया गेलेली संधी हीच.

आता त्याच रात्रीची सामी झेन विरुद्ध गुंथर बघा. अवघड काहीच नाही. गुंथर मोठा, सामी छोटा, पहिल्या रांगेत सामीची पत्नी. गुंथर पॉवरबॉम्ब मारतो, म्हणजे उचलून पाठीवर आपटतो, आणि पिन करायचं सोडून तिच्याकडे बघून सुनावतो. तो घमेंडीत वेळ घालवतो हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतं. ६६६ दिवसांचा इंटरकॉन्टिनेंटल चॅम्पियन त्याच घमेंडीने पडतो. पंधरा मिनिटांच्या आसपासचं काम, एक क्षण फुकट नाही. दुसऱ्या रात्री रोमन जसा हरला त्याची ही जणू आधीच दाखवलेली छोटी आवृत्ती. हे मुद्दाम केलं असेल किंवा नसेल, पण नीट बसलं.

दुसऱ्या रात्रीची सुरुवातही चोख. ड्र्यू मॅकिंटायरने आदल्या रात्री दमलेल्या सेथला दहाएक मिनिटांत उडवलं, बेल्ट जिंकला, मग जखमी दंडामुळे कॉमेंट्री टेबलावर बसलेल्या आपल्या वैऱ्याला, सीएम पंकला, डिवचायला गेला, मार खाल्ला आणि डॅमियन प्रीस्टने ब्रीफकेस वापरून (ती ज्याच्याकडे असते तो चॅम्पियनला कधीही आव्हान देऊ शकतो, त्यालाच कॅश-इन म्हणतात) बेल्ट नेला. त्यानंतर फिलाडेल्फिया स्ट्रीट फाइट, एलए नाइट-स्टाइल्स आणि लोगन पॉलची मॅच, तिन्ही बऱ्या, पण सलग ठेवल्यावर पब्लिक बसलं. त्याचा फटका बेली-इयो स्काय या महिलांच्या मॅचला पडला. कुस्ती म्हणून ती रात्रीतली सगळ्यात स्वच्छ मॅच, प्रतिसाद मात्र तोलूनमापून. ती दुसऱ्या क्रमांकावर हवी होती.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली: कॅमेरा. प्रक्षेपण सांभाळणारा केव्हिन डन २०२३ च्या शेवटी कंपनी सोडून गेल्यानंतरचा हा पहिला रेसलमेनिया. आधी प्रत्येक फटक्याला कट आणि कॅमेऱ्याला झटका असायचा. इथे शॉट टिकतात, फटका सुरू कुठे झाला आणि बसला कुठे ते दिसतं. जुना एखादा रेसलमेनिया लावून पाच मिनिटांतले कट मोजा, फरक लगेच कळेल.

प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांवर फार जाऊ नका. कंपनीने दोन रात्रींची मिळून १,४५,२९८ सांगितली. पण कंपनीच्या जाहीर आकड्यांवर जुनेच वाद आहेत, १९८७ च्या रेसलमेनिया ३ च्या ९३,१७३ वर आजही भांडणं होतात.

पुन्हा बघणार असाल तर सलग बघू नका, प्रत्येक रात्री चारेक तासांत प्रत्यक्ष कुस्ती साधारण निम्मीच आहे. सामी-गुंथर पूर्ण बघा, मग टॅग मॅचची शेवटची पंधरा मिनिटं, मग ड्र्यू-सेथ आणि लगेचचं कॅश-इन, बेली-इयो, आणि शेवटी कोडी-रोमन पहिल्या घंटेपासून. त्यात पहिल्यांदा कोणी घुसेपर्यंत किती मिनिटं जातात ते घड्याळ लावून बघा.